धिंगरीच्या बेडवर हिरवी बुरशी: काड उकळूनही येते, चुकतंय कुठं? (सोलापूर जिल्हा)

सीनाकाठ · ६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी मोहोळ तालुक्यातली. बचत गटातल्या आम्ही चौघीजणी दोन वर्षं धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करतोय. जागा म्हणजे आमचा जुना गोठा, १२ बाय २० फुटांचा. वर पत्रा, त्याखाली शेडनेट आणि चारी भिंतींना आतून गोणपाट. पहिलं वर्ष चांगलं गेलं. सोलापूरला दोन हॉटेलांत माल जायचा, उरलेला वाळवून ठेवायचो.

पण गणपतीपासून सलग तीन लॉट हिरव्या बुरशीनं खाल्ले. पहिल्या लॉटात ४० पैकी ९ बेड (काड भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या) गेले, दुसऱ्यात १७, आणि परवाच्यात २६. सहाव्या-सातव्या दिवशी प्लास्टिकच्या आतून रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. धिंगरीच्या तंतूंपेक्षा तो जास्त पांढरा आणि दाट असतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय जोरात वाढतंय! दोन दिवसांनी मधोमध पोपटी छटा येते, मग गडद हिरवी, आणि आठवड्यात अर्धा बेड ओला होऊन खाली बसतो.

आमची पद्धत अशी. गव्हाचं काड दोन-तीन इंच कापतो, रात्रभर भिजवतो, सकाळी ड्रममध्ये ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो. थर्मामीटर लावूनच, अंदाजानं नाही. मग निथळून, गार करून, थर देऊन भरतो. स्पॉन, म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बी, ओल्या काडाच्या वजनाच्या तीन टक्के. स्पॉन पुण्याहून रात्रीच्या गाडीनं येतं. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाले, "तुमच्याकडेच घाण असणार." आम्हाला वाटतं स्पॉनच खराब येतंय. बाकीच्या तिघी आता थांबूया म्हणतात. एकीनं तर तिच्या वाट्याचे पैसे मुलीच्या फीसाठी ठेवले होते. म्हणून इथं विचारतेय, शोधायचं तरी कुठून?

बार्शीचं भुसकट · ६ ऑक्टोबर, रात्री १०:३५

ताई, आधी एक करा, थांबू नका. तीन लॉट गेले म्हणजे कारण एकच आहे आणि ते तुमच्या रोजच्या कामात कुठंतरी बसलंय. अधूनमधून येणारी बुरशी शोधणं अवघड. ९, १७, २६ अशी वाढत जाणारी सापडते.

मी सोयाबीनच्या भुसकटावर सहा वर्षं धिंगरी घेतोय. माझा अनुभव असा की बुरशीचा ठिपका पहिल्यांदा कुठं दिसतो, त्यावरून ती कुठून आली ते कळतं. गव्हाच्या दाण्याला, म्हणजे स्पॉनलाच चिकटून हिरवं सुरू झालं असेल तर संशय स्पॉनवर. दाण्यापासून लांब, काडाच्या मधेच गोळा उठला तर काड नीट तापलं नाही किंवा तापल्यावर पुन्हा बिघडलं. भोकांच्या कडेनं आणि पिशवीच्या तोंडाशी असेल तर हात, हवा नाहीतर माशा.

स्पॉन तपासायला पुरवठादाराशी भांडायची गरज नाही. मूठभर काड कुकरमध्ये दोन शिट्ट्यांऐवजी पाऊण तास चांगलं वाफवा, उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत गार होऊ द्या, त्यात त्याच पाकिटातले चमचाभर दाणे टाका आणि तोंडाला स्वच्छ कापूस लावा. अशा तीन बरण्या करा. दहा दिवसांत तिन्ही पांढऱ्या शुभ्र राहिल्या तर स्पॉनचा दोष नाही.

ओल किती ठेवता ते लिहिलं नाहीत. मुठीत काड घट्ट दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली तर आत हवा खेळत नाही आणि धिंगरी मागं पडते. हिरव्या बुरशीला तेवढंच हवं असतं. आणि बेडच्या पोटात थर्मामीटर घालून बघा. खोलीपेक्षा बेड दोन-चार अंश गरम असतो. खोली २८ दाखवत असली तर आत ३२ असू शकतं.

होटगी रोड · ७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

गरम पाण्याच्या भानगडीत कशाला पडता? कार्बेन्डॅझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मलीनचं पाणी करा. १०० लिटर पाण्याला साडेसात ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि १२५ मिली फॉर्मलीन, त्यात दहा-बारा किलो सुकं काड १६ ते १८ तास झाकून. प्रशिक्षणात हेच शिकवतात. माझी आता एसी खोलीत बटण अळिंबी आहे, पण सुरुवात धिंगरीनंच केली होती आणि तेव्हा हेच वापरायचो.

सूक्ष्मदर्शी · ७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

दादांनी दिलेलं प्रमाण बरोबर आहे, बरीच वर्षं तीच शिफारस चालत आलीय. पण दोन गोष्टी मला मनापासून सांगाव्याशा वाटतात. मी वनस्पती रोगशास्त्र शिकलेय, पदव्युत्तरच्या प्रकल्पात अळिंबीवरच्या बुरश्याच बघत होते.

एक, फॉर्मलीन. गोठ्यासारख्या बंद खोलीत चार बायका त्यात हात घालून काड उपसणार, हे डोळ्यांसमोर आलं तरी मला नको वाटतं. डोळे आणि घसा चुरचुरतो हे तर आहेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मलीनमधल्या फॉर्मल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वापरायचंच तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. ताई गरम पाण्याची पद्धत वापरतायत ती जास्त चांगली आहे. ती सोडू नका.

दुसरं, कार्बेन्डॅझिम. ट्रायकोडर्माच्या (हिरवी बुरशी म्हणजे बहुतेक वेळा तीच) काही जाती त्याला दाद देत नाहीत. आणि काड औषधात भिजवलं तरी त्यानंतर काडावर काय पडतं, ते औषध ठरवत नाही.

गरम पाण्यातून काढलेलं काड म्हणजे नुकतं नांगरून, तण वेचून ठेवलेलं रान. त्यात आधी जो पेरेल त्याचं पीक. काड कच्चं असताना त्यावर शेकडो जीव एकमेकांना आवरून असतात. आपण ७० अंशांना त्यांतले बहुतेक मारतो आणि धिंगरीसाठी जागा मोकळी करतो. पण त्या मोकळ्या जागेत धिंगरीच्या आधी ट्रायकोडर्मा पोहोचला तर तो धिंगरीच्या दुप्पट वेगानं पळतो आणि वर तिचेच तंतू विरघळवून खातो. म्हणून ताई, मला उकळण्याविषयी विचारायचंच नाही. काड ड्रममधून बाहेर आल्यापासून पिशवीचं तोंड बांधेपर्यंत ते कुठं असतं, कशावर असतं, किती तास असतं, कोण हात लावतं, हे सगळं सविस्तर लिहा.

आणि एक खूण. हिरवा झालेला बेड घराबाहेर, लांब नेऊन फोडा, नाकाला फडकं बांधून जवळून वास घ्या. ओल्या खोबऱ्यासारखा वास आला तर ट्रायकोडर्मा. त्याच्या बऱ्याच जाती असा वास सोडतात.

सीनाकाठ · ७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

काका, ताई, तुम्ही दोघांनी एवढं बारीक विचारलंत, बरं वाटलं.

ठिपके कुठं उठतात ते आज मुद्दाम वहीत लिहून काढलं. उरलेल्या बेडांपैकी ११ हिरवे होते. त्यात दोन तोंडाशी, आणि नऊ काडाच्या मधोमध, दाण्यापासून लांब. दाण्याभोवती धिंगरी छान पांढरी पसरलेली आहे. म्हणजे स्पॉनवाल्यांना मी उगाच बोलले का, असं आता वाटायला लागलंय. बरण्या तरीही लावल्या.

काड ड्रममधून संध्याकाळी काढतो, कारण दिवसभर तिघी रानात असतात. अंगणात लिंबाखाली ताडपत्री अंथरून त्यावर पसरतो. रात्रभरात निथळतं आणि गार होतं. सकाळी साडेसातला भरायला बसतो. म्हणजे बारा तास तरी. वरून साडी झाकतो, पण ओल उडावी म्हणून कडा उघड्याच ठेवतो.

बार्शीचं भुसकट · ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

बारा तास. ताई, सापडलं बघा. निदान दार तरी सापडलं.

सीनाकाठ · ९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मंडळी, रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहितेय.

सूक्ष्मदर्शी ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल शेताच्या बांधावर बेड फोडला. खोबऱ्याचाच वास. अगदी नारळ फोडल्यावर येतो तसा, फक्त थोडा कुबट. आणि तो वास घेतल्या घेतल्या माझ्या लक्षात आलं की हा वास मी रोज घेतेय.

आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे. हस्त बहार धरायचा म्हणून दीर भाद्रपदापासून शेणखतात ट्रायकोडर्मा कालवतायत. ओलसर ठेवायचं, सावलीत झाकून मुरवायचं आणि मग झाडांच्या बुंध्यात घालायचं. मर लागून आमची ३० झाडं गेली होती, तेव्हापासून हे दरवर्षी करतात. ते कालवतात कशावर, तर त्याच ताडपत्रीवर. मी संध्याकाळी ती झटकून, पाण्याचा फवारा मारून, वाळवून काड पसरते. ढीग आहे लिंबापासून पंधरा पावलांवर. गेल्या वर्षी खत वरच्या रानात कालवलं होतं, म्हणून तेव्हा काही झालं नाही!

ताडपत्रीच्या शिवणीत बोट घालून बघितलं. शिवणीच्या घडीत हिरवट भुकटी बसलेली होती, बोटाला लागली. मी त्या बोटाकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. म्हणजे घरातल्या एका हातानं आम्ही ती बुरशी पैसे देऊन आणतोय, वाढवतोय, आणि दुसऱ्या हातानं तिच्यावरच काड गार करतोय.

हस्तबहार · ९ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

मी सांगोल्याचा, डाळिंबवाला. अळिंबीतलं मला काही कळत नाही, धागा वरून खालपर्यंत वाचला तो ट्रायकोडर्माचं नाव दिसलं म्हणून. कृपा करून कुणी असं समजू नका की ट्रायकोडर्मा वाईट. मर रोगानं आमच्याकडं बागाच्या बागा उपटाव्या लागल्यात. सेरॅटोसिस्टिस बुरशी एकदा मुळात शिरली की झाड वाचवणं फार कठीण. त्याआधीच मुळाभोवती ट्रायकोडर्मा पेरून ठेवला तर आधार होतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडूनही हेच ऐकत आलोय. ताई, दिरांना खत कालवायचं थांबवू नका.

सूक्ष्मदर्शी · ९ ऑक्टोबर, दुपारी २:४०

दादा, अगदी बरोबर, आणि तुम्ही लिहिलंत ते छान झालं. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीला खातो, त्याचा स्वभावच तो. डाळिंबाच्या मुळाशी तो शत्रू बुरशीला खातो म्हणून आपला राखणदार. धिंगरी हीसुद्धा बुरशीच, त्यामुळे तिच्या खोलीत तोच दरोडेखोर ठरतो. बुरशी बदलली नाही, जागा बदलली.

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षं इतकी आहेत की हा प्रश्न फक्त सीनाकाठ ताईंचा नसणार. ज्यांच्या घरी बागही आहे आणि अळिंबीही, त्यांनी ट्रायकोडर्माचं सगळं सामान वेगळं ठेवावं. ड्रम, पंप, बादल्या, ताडपत्री, घमेलं, काहीही अदलाबदल नको. पाठीवरच्या पंपानं बागेत ट्रायकोडर्मा सोडायचा आणि तोच धुऊन अळिंबीवर पाणी मारायचं, हे तर अजिबात नको. पंपाच्या नळीत आणि नोझलमध्ये राहिलेलं धुऊन जात नाही. बागेतून आलेल्या माणसानं अंघोळ करून, कपडे बदलून मगच खोलीत जावं. खोलीसाठी चपला वेगळ्या. दारात ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवा आणि रोज पाणी बदला, कारण उघड्यावर क्लोरीन उडून जातो.

बार्शीचं भुसकट · ९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१०

आता करायचं काय ते सांगतो, माझ्याकडं हे चालतं. ताडपत्री लागतच नाही. काड आधीच पातळ विणीच्या पोत्यात भरा, तोंड बांधा आणि पोत्यासकट गरम पाण्यात बुडवा. वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतं. तासाभरानं पोतं काढून तसंच बांधलेलं खोलीतल्या आढ्याला टांगा. खाली घमेलं. तीन-चार तासांत निथळून कोमट होतं. पोतं उघडायचं ते थेट भरायच्या टेबलावर, तेही टेबल ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसून, हात साबणानं धुऊन. दार बंद, पंखा बंद. चौघी आहात तर एकीनं फक्त स्पॉन सोडायचं, तिनं काडाच्या पोत्याला, ड्रमला, कशालाच हात लावायचा नाही.

वेळेचा प्रश्न असेल तर पहाटे पाचला ड्रम पेटवा, दहाला भरा. रात्र मधे येऊ देऊ नका.

आणि ताई, आधी हिरवे झालेले बेड खोलीतून काढताना फोडू नका, झटकू नका. ओल्या फडक्यानं किंवा कागदानं डाग झाकून, पूर्ण पिशवीत घालून, वाऱ्याच्या खालच्या दिशेला लांब न्या. एका हिरव्या डागात किती कोटी बीजाणू असतात याचा हिशेबच नको.

माळवद · १० ऑक्टोबर, सकाळी ८:५५

मी अक्कलकोटकडचा. धागा वाचून माझंही लिहावंसं वाटलं. आमच्याकडं जुन्या माळवदाच्या घरात धिंगरी आणि उन्हाळ्यात दुधी अळिंबी घेतो. जाड भिंती आणि मातीचं छप्पर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असलं तरी आत ३३-३४ राहतं. दुधीला ३० ते ३५ अंश मानवतात, म्हणून ती जमते. धिंगरी त्या दिवसांत करत नाही.

माझ्याकडं बुरशी वरून यायची. माळवदाची पांढरी माती किलचाच्या (छताखालच्या लाकडी पट्ट्यांच्या) फटीतून बारीक बारीक गळते. दिसतही नाही, पण सकाळी पिशवीवरून बोट फिरवलं की कळतं. जाड प्लास्टिकचा कागद छताखाली ताणून बसवला, कडा भिंतीला पट्ट्यांनी दाबल्या, तेव्हा थांबलं. त्यावर साचलेली माती महिन्यातून एकदा, खोली रिकामी असतानाच काढायची.

नवी उबवण · १२ ऑक्टोबर, रात्री ८:२०

काका, माझा प्रश्न वेगळा आहे पण इथंच विचारते. पंढरपूरहून. माझे बेड पांढरे छान झाले, अळिंबीही आली, पण छत्रीवर पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि हाताला चिकट लागतात. गिऱ्हाईक घेत नाही. दिवसातून चार वेळा फॉगर मारते, कारण आमच्याकडं हवा फार कोरडी.

बार्शीचं भुसकट · १२ ऑक्टोबर, रात्री ९:००

हे बुरशीचं नाही, सुडोमोनास जिवाणूचं. छत्रीवर पाणी तासन् तास बसून राहिलं की होतं. पाणी मारल्यावर दोन-तीन तासांत छत्री वरून कोरडी व्हायलाच हवी. म्हणून पाणी मारायचं सकाळी, मारून झालं की खिडक्या अर्धा-पाऊण तास उघड्या. संध्याकाळनंतर छत्रीवर पाणी नाही. दमटपणा हवा तर भिंतीचं गोणपाट आणि जमीन भिजवा, अळिंबी नव्हे. आर्द्रता ८०-८५ च्या पुढं ठेवायचा हट्टही नको.

फवाऱ्याच्या पाण्यात ताजी ब्लिचिंग पावडर दहा लिटरला पाच ग्रॅम, रात्री विरघळवून निवळी वरून घ्यायची. म्हणजे साधारण १५० पीपीएम क्लोरीन होतो. पावडर उघड्या पुड्यातली, महिनोन्महिने पडून राहिलेली असेल तर तिच्यात जीव नसतो. कूलर वापरत असाल तर त्याची टाकी आणि गवताची जाळी आठवड्याला धुवा. तिथं हेच जिवाणू पोसले जातात.

छत्री लहान आणि देठ लांब येत असेल तर तो रोग नाही, हवा कोंडलीय. तेवढं लक्षात ठेवा. लोक उगाच औषध मारतात.

होटगी रोड · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

सूक्ष्मदर्शी ताई, फॉर्मलीनबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. मी कामगारांना घेऊन ते काम बंद खोलीत करायचो, आता वाईट वाटतं.

बटणवाल्यांसाठी माझा अनुभव जोडतो. आमच्यात मोठं संकट मातीचं असतं, म्हणजे केसिंगचं (बेडवर पसरतात त्या मातीच्या थराचं). मागच्या हिवाळ्यात माझ्याकडं अळिंबीच्या जागी पांढरे, फुगीर, बेढब गोळे आले. वर मधाच्या रंगाचे थेंब, दुसऱ्या दिवशी कुजका वास. मायकोगोन, ओला बुडबुडा म्हणतात. मी केसिंगची माती उन्हात तापवून वापरली होती. तेवढ्यानं भागत नाही, वाफेवर ६० ते ६५ अंशांना सहा-आठ तास द्यावी लागते. तो बीजाणू मातीत फार काळ टिकून राहतो. आणि गोळा दिसला की आधी त्यावर ओला कागद, मग भरपूर मीठ, मगच पाणी. आधी पाणी मारलंत तर एका गोळ्याचं बीज सगळ्या रॅकवर शिंतडतं. कोळ्याच्या जाळ्यासारखी राखाडी बुरशी आली तरी हाच क्रम. मी पाणी आधी मारलं होतं. दोन रॅक गेले.

माळवद · १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

माशांचं कुणीच लिहिलं नाही. त्या बारीक काळ्या माशा नुसता उपद्रव नाहीत, त्यांच्या अळ्या तंतू खातात आणि माशा पायांना बीजाणू चिकटवून एका बेडवरून दुसऱ्यावर नेतात. खिडक्यांना ३५-४० मेशची जाळी, दाराला दुहेरी पडदा, आत पिवळे चिकट सापळे. आणि काडावर लालसर तिखट सांडल्यासारखे बारीक कोळी दिसले तर समजायचं, हिरवी बुरशी आत कुठंतरी आहेच. ते तीच खायला येतात.

सीनाकाठ · १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

आज बारा बेड भरले. मुद्दाम एकाच दिवशी, एकाच ड्रममध्ये तापवलेलं काड, एकाच पाकिटातलं स्पॉन. सहा जुन्या पद्धतीनं, ताडपत्रीवर रात्रभर ठेवून. सहा काकांच्या पद्धतीनं, पोत्यात टांगून, पहाटे उकळून. मार्करनं "ता" आणि "पो" लिहिलंय. ताडपत्रीवाले वेगळ्या खोलीत टांगलेत, नाहीतर त्यांचीच बुरशी ह्यांना लागायची. बाकीच्या तिघींना सांगितलं, हे बारा बघूया, मग थांबायचं की नाही ते ठरवू.

स्पॉनच्या तिन्ही बरण्या सात दिवस झाले तरी पांढऱ्या आहेत. पुण्याच्या पुरवठादारांना फोन करून माफी मागितली.

सूक्ष्मदर्शी · १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताई, तुमची ही चाचणी कुठल्याही प्रयोगशाळेत शोभावी अशी आहे. रोज एकाच वेळी बघा, आणि काही दिसलं नाही तो दिवसही लिहा.

सीनाकाठ · २८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

चौदावा दिवस. "ता" चे सहापैकी चार हिरवे. पहिला सहाव्या दिवशीच. "पो" च्या सहांपैकी पाच पांढरेशुभ्र, आणि एकाच्या तोंडाशी वाटाण्याएवढा हिरवा ठिपका. तो बेड बांधताना सुतळी जमिनीवर पडली होती आणि तीच उचलून बांधली, हे वहीत लिहिलेलं निघालं. आता सुतळीचे तुकडेही आदल्या दिवशी उकळून, वाळवून डब्यात ठेवतो.

वही समोर ठेवली तेव्हा दीर बराच वेळ गप्प होते. मग स्वतःहून म्हणाले, "वहिनी, खत मी वरच्या विहिरीपाशी कालवतो." ताडपत्री त्यांनी तिकडं नेली. लिंबाखालची जागा झाडून, चुन्याचं पाणी शिंपडून घेतली.

हस्तबहार · २९ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

ताई, तुमचे ते हिरवे झालेले बेड टाकून देता का? बागेत घातले तर चालेल का? ट्रायकोडर्माच आहे ना.

सूक्ष्मदर्शी · २९ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

दादा, थेट नको. खतातला ट्रायकोडर्मा निवडलेला, पारखलेला असतो. बेडवर जो उगवला तो नेमका तोच आहे की दुसरा कुठला, सोबत आणखी काय आहे, ते डोळ्यांनी कळत नाही. प्लास्टिक काढून वेगळ्या खड्ड्यात पूर्ण कुजवा, मग घाला. अळिंबीची खोली त्या खड्ड्यापासून जितकी लांब तितकं बरं. निरोगी बेड तोडणी संपल्यावर मात्र उत्तम खत होतात, गांडुळांनाही आवडतात.

नवी उबवण · २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

काका, संध्याकाळचं पाणी बंद केलं, खिडक्या उघडायला लागले. परवाच्या तोडणीत डाग जवळजवळ नाहीत. एक विचारायचं होतं. तोडणीच्या दिवशी मला रात्री कोरडा खोकला येतो, अंग कसकसतं. थंडीचं असेल का?

सूक्ष्मदर्शी · २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

थंडीचं समजून सोडू नका. पिकलेली धिंगरी भरपूर बीजाणू सोडते, उजेडात धुरासारखी पांढरी भुकटी दिसते. ती रोज श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत तोडणी करा, आत जाण्यापूर्वी खोली हवेशीर करा, आणि साधं फडकं नव्हे, एन-९५ मास्क लावा. डॉक्टरांकडं जाल तेव्हा "अळिंबीच्या खोलीत काम करते" हे आवर्जून सांगा. तेवढं सांगितलं नाही तर त्यांच्या लक्षात येणार नाही.

सीनाकाठ · ११ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

काल संध्याकाळी पोत्यातल्या पाच बेडांची पहिली तोडणी केली. सहावा, ठिपक्याचा, त्याच दिवशी बाहेर काढला होता. एक किलो आठशे ग्रॅम भरली. छत्र्या तळहाताएवढ्या, कडा अजून खाली वळलेल्या. अर्धा किलो चौघींनी वाटून घेतली. उरलेली सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेली.

आज तिघी पहाटे साडेचारलाच आल्या. ड्रम पेटलाय, चाळीस पोती बांधून तयार आहेत. काका, एका ड्रममध्ये एका वेळी चार पोती बुडवली तर मधलं काड ७० पर्यंत जातं का, की तीनच ठेवू?

बार्शीचं भुसकट · ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

तीनच. आणि थर्मामीटर पाण्यात नको, मधल्या पोत्याच्या पोटात खुपसा. तिथं ६५ दाखवल्यावर तास मोजायला सुरुवात करा.